कॅलिफोर्नियातल्या घराचं डीड: काउंटी रेकॉर्डरकडे जुनं शोधायचं कसं आणि नवं नोंदवायचं कसं

कॅलिफोर्नियात घर घेताना कागदपत्रांचं सगळं एस्क्रो ऑफिसर (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे आणि कागद सांभाळणारी तिऱ्हाईत व्यक्ती) बघते. आपण गठ्ठ्यावर सह्या करत सुटतो, चाव्या मिळतात आणि काही आठवड्यांनी टपालाने एक पाकीट येतं. त्यात घराचं डीड, म्हणजे मालकी लिहून देणारं नोंदवलेलं खत, असतं. बहुतेक घरांत ते पाकीट फायलीत जातं आणि लिव्हिंग ट्रस्ट (आपल्या पश्चात मालमत्ता सरळ वारसांकडे जावी म्हणून हयातीतच केलेला ट्रस्ट) करायचा विषय निघेपर्यंत तिथेच राहतं. मग एकतर ते सापडत नाही, किंवा सापडतं आणि लक्षात येतं की त्यावर बायकोचं नावच नाही.

हा दुसरा प्रकार आपल्या लोकांत बराच दिसतो. घर घेतलं तेव्हा नवरा एच-१बीवर, बायको एच-४वर. कर्ज एकट्याच्या पगारावर आणि क्रेडिटवर, म्हणून घरही एकट्याच्याच नावावर. सह्यांच्या गठ्ठ्यात मग एक कागद बायकोसमोर सरकवला जातो: इंटरस्पाउजल ट्रान्सफर डीड किंवा क्विटक्लेम डीड. अर्थ एवढाच की या घरावर माझा हक्क नाही, ते नवऱ्याची स्वतंत्र मालमत्ता म्हणून राहील. घाईत सही होते आणि कागद नोंदवला जातो. (कर्जात नाव नसलं तरी डीडवर नाव असू शकतं, पण त्या दिवशी हे सांगणारं कुणी टेबलाशी बसलेलं नसतं.) पुढचं सगळं याच उदाहरणावर चालवतो: आधी जुनं डीड शोधून वाचायचं, मग बायकोचं नाव घालणारं नवं डीड नोंदवायचं. ट्रस्टमध्ये घर टाकायचं असेल तरी वाट जवळजवळ हीच आहे, फरक जिथे आहे तिथे सांगेन.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की समजून घ्या. रेकॉर्डर, म्हणजे काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा) दस्त नोंदवणारा अधिकारी, कागद सांभाळतो, त्यातला मजकूर खरा की खोटा हे तपासत नाही. सही आहे का, नोटरी झाली आहे का, कागद स्कॅन होण्याइतका स्पष्ट आहे का, फी बरोबर आहे का, एवढंच खिडकीवर बघतात. वर्णन चुकलं, नाव चुकलं, हक्क नसताना कुणी घर लिहून दिलं, तरी कागद नोंदवला जाऊ शकतो. आणि एकदा नोंदवलेला कागद रेकॉर्डमधून काढून टाकता येत नाही, त्यावर दुसरा कागद करावा लागतो. त्यामुळे तपासणी आपल्यालाच करायची आहे, आणि ती नोंदणीच्या आधी.

कोणती काउंटी, कोणतं ऑफिस

राज्यात ५८ काउंट्या आहेत. घर ज्या काउंटीत असेल, डीडही तिथेच नोंदवायचं. तुम्ही स्वतः कुठे राहता याचा संबंध नाही. शहराच्या नावावरून अंदाज बांधू नका. डब्लिन आणि सॅन रमोन एकमेकांना खेटून आहेत, पण डब्लिन अलमीडा काउंटीत, म्हणजे ऑफिस ओकलंडला. आणि सॅन रमोन कॉन्ट्रा कोस्टामध्ये, म्हणजे ऑफिस मार्टिनेझला. फॉल्सम सॅक्रामेंटो काउंटीत, तर शेजारचं एल डोराडो हिल्स एल डोराडो काउंटीत. फ्रीमाँट अलमीडात येतं. कुपरटिनो, सनीव्हेल, मिलपिटास आणि सॅन होजे सांता क्लारात.

ऑफिसचं नावही सगळीकडे एक नाही. सांता क्लारात क्लार्क-रेकॉर्डर, सॅन फ्रान्सिस्कोत असेसर-रेकॉर्डर, लॉस एंजेलिसमध्ये रजिस्ट्रार-रेकॉर्डर. आपल्याकडे दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवतात आणि फेरफाराची नोंद तलाठ्याकडे किंवा सिटी सर्व्हेला वेगळी होते. इथेही कामं अशीच विभागलेली आहेत. रेकॉर्डर डीड ठेवतो. असेसर घराचं करासाठीचं मूल्य ठरवतो. टॅक्स कलेक्टर बिल वसूल करतो. डीडची प्रत हवी म्हणून असेसरला फोन करण्यात वेळ जातो. मात्र रेकॉर्डरकडे मालकी बदलली की ती माहिती असेसरकडे आपोआप जाते, फेरफारासाठी वेगळे खेटे पडत नाहीत.

शोध: पत्त्यावर नाही, नावावर

आधी प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावरून एपीएन, म्हणजे असेसर्स पार्सल नंबर, लिहून घ्या. बिल नसेल तर असेसरच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की मिळतो. मालकाचं नाव तिथे बहुधा दिसणार नाही, कॅलिफोर्नियातल्या अनेक काउंट्या ते ऑनलाइन देत नाहीत.

मग रेकॉर्डरच्या संकेतस्थळावर ऑफिशियल रेकॉर्ड्सची सूची उघडा. इथे बरेच जण अडतात, कारण पत्ता टाकायला जागाच नसते. सूची नावांवर चालते: ग्रँटर म्हणजे लिहून देणार आणि ग्रँटी म्हणजे लिहून घेणार. आपल्या इंडेक्स टूमध्ये मिळकतीवरून शोधता येतं, तसं इथे गृहीत धरू नका. मिळकतीनुसार लावलेल्या नोंदी टायटल कंपन्या (मालकी तपासून तिचा विमा उतरवणाऱ्या) स्वतःच्या संग्रहात ठेवतात, म्हणून त्यांचा शोध झटपट होतो.

नाव टाकताना आडनाव आधी. आणि इथे मराठी नावं फार त्रास देतात. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून आहे की पहिल्या नावालाच चिकटलंय, लग्नानंतर आडनाव बदललं का, जोडआडनावात मध्ये आडवी रेघ आहे की जागा सोडलीय, यावर सूचीत नाव कुठे पडेल हे ठरतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांच्या अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) छापलेलं असतं. तसं असेल तर डीडवरही ते उतरलेलं असण्याची शक्यता धरा. सरळ युक्ती अशी: पूर्ण नाव टाकू नका. आडनाव आणि पहिल्या नावाची एक-दोन अक्षरं टाका, खरेदीच्या महिन्यापासून आजपर्यंतचा काळ द्या आणि यादी येऊ द्या. कुलकर्णी, जोशी, देशपांडे असाल तर यादी लांब येईल, पण तारखेवरून आपली ओळ सापडते. नाही सापडली तर आडनावाच्या जागी पहिलं नाव टाकून बघा.

आपलं नाव लिहून देणार आणि लिहून घेणार अशा दोन्ही बाजूंनी शोधायचं. समजा २०१५ मध्ये कुपरटिनोत घर घेतलं आणि दोनदा रिफायनान्स केलं. यादी साधारण अशी दिसेल. खरेदीच्या दिवशी ग्रँट डीड, त्यात तुम्ही ग्रँटी. त्याच दिवशी, एका पाठोपाठच्या नंबरांवर, इंटरस्पाउजल डीड (बायको ग्रँटर, नवरा ग्रँटी) आणि डीड ऑफ ट्रस्ट. नंतर प्रत्येक रिफायनान्सला नवं डीड ऑफ ट्रस्ट आणि जुन्याचं रिकन्व्हेयन्स. मध्येच असाइनमेंट दिसलं तर घाबरू नका, बँकेने तुमचं कर्ज दुसऱ्याकडे सोपवलेलं असतं.

डीड ऑफ ट्रस्ट या नावाने पुष्कळ जण फसतात. तुमच्या लिव्हिंग ट्रस्टशी त्याचा काही संबंध नाही. ते गहाणखत आहे. कर्ज फिटलं की बोजा उतरल्याची नोंद म्हणजे रिकन्व्हेयन्स. पेन्सिल घेऊन जोड्या लावा: प्रत्येक रिकन्व्हेयन्समध्ये तो कोणत्या डीड ऑफ ट्रस्टचा बोजा उतरवतो त्याचा डॉक्युमेंट नंबर लिहिलेला असतो. चालू कर्जाचं सोडून एखादं डीड ऑफ ट्रस्ट जोडीविना उरलं तर तिथे काम बाकी आहे. कायद्याने कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत बँकेने कागद ट्रस्टीकडे (गहाणखतात नेमलेल्या तिऱ्हाइताकडे) द्यायचे आणि ट्रस्टीने पुढच्या २१ दिवसांत रिकन्व्हेयन्स नोंदवायचं. हेलॉक (घराच्या तारणावर हवं तेव्हा पैसे उचलता येणारं कर्जखातं) घेतला असेल तर मात्र शिल्लक शून्य करून भागत नाही. खातं बंद करा असं लेखी कळवल्याशिवाय तो बोजा घरावर तसाच राहतो आणि घर विकायच्या आठवड्यात समोर येतो.

छतावर सोलर भाड्याने घेतलं असेल तर त्याचीही नोंद इथे सापडेल. कोर्टाच्या निकालाचा गोषवारा, कंत्राटदाराचा मेकॅनिक्स लीन (कामाच्या थकलेल्या पैशांचा बोजा), कराची थकबाकी, एचओएचा (वसाहतीच्या घरमालक संघाचा) लीन हे सगळं याच यादीत येतं.

मागच्या मालकांपर्यंत जायचं असेल तर साखळी उलटी चालवा. तुम्हाला ज्याने लिहून दिलं त्याला ग्रँटी म्हणून शोधा, मग त्याला देणाऱ्याला. जुन्या नोंदींना डॉक्युमेंट नंबराऐवजी बुक आणि पान असतं आणि त्या मायक्रोफिल्मवर असतात, त्यासाठी ऑफिसात जावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोत ही साखळी १९०६ पाशी अडते. त्या वर्षीच्या भूकंपानंतरच्या आगीत शहराची दप्तरंच जळाली, आणि मालकी पुन्हा सिद्ध करता यावी म्हणून मॅकएनर्नी कायदा करावा लागला. तिथल्या जुन्या घरांच्या कागदांत आजही मॅकएनर्नी निकालाचा उल्लेख भेटतो.

सूची फुकट बघता येते, पण कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच काउंट्या प्रत्यक्ष कागदाचं चित्र घरबसल्या दाखवत नाहीत. डॉक्युमेंट नंबर टिपून प्रत मागवा, ऑनलाइन, टपालाने किंवा खिडकीवर. नवं डीड लिहिण्यापुरती साधी प्रत पुरते. कोर्टासाठी किंवा भारतात दाखवायला लागणार असेल तरच सर्टिफाइड प्रत घ्या. दर पानाप्रमाणे असतो, फार नसतो. ‘तुमच्या डीडची प्रत मिळवून देतो’ म्हणत शंभरेक डॉलर मागणारी सरकारी थाटाची पत्रं नव्या घरमालकांना येतात, ती सरळ केराच्या टोपलीत टाका.

जुनं डीड वाचताना

प्रत हातात आली की तीन जागा शांतपणे वाचा.

पहिली जागा नावाची ओळ, जिला इथे व्हेस्टिंग म्हणतात. नुसतं नाव पुरत नाही, नावानंतरचे शब्द महत्त्वाचे. ‘अ मॅरिड मॅन ॲज हिज सोल अँड सेपरेट प्रॉपर्टी’ असं असेल तर कागदोपत्री घर एकट्याचं आहे. ‘जॉइंट टेनंट्स’ किंवा ‘कम्युनिटी प्रॉपर्टी विथ राइट ऑफ सर्व्हायव्हरशिप’ असेल तर एकाच्या पश्चात घर प्रोबेटशिवाय (वारसा ठरवणाऱ्या कोर्टाच्या प्रक्रियेशिवाय) दुसऱ्याकडे जातं. ‘टेनंट्स इन कॉमन’मध्ये तसं होत नाही, प्रत्येकाचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. जोडप्यासाठी मला कम्युनिटी प्रॉपर्टी विथ राइट ऑफ सर्व्हायव्हरशिप हा प्रकार सरस वाटतो. तो २००१ पासून उपलब्ध आहे, आणि एकाच्या मृत्यूनंतर भांडवली नफ्याचा हिशेब करताना पूर्ण घराची किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाने धरता येते. जॉइंट टेनन्सीत साधारणपणे निम्म्याचीच.

दुसरी जागा लीगल डिस्क्रिप्शन. ही आपली चतुःसीमा, पण शेजाऱ्यांच्या नावांनी नाही. ‘अमुक लॉट, अमुक ट्रॅक्ट, काउंटी रेकॉर्डरच्या नकाशांच्या अमुक बुकातलं अमुक पान’ अशी ती लिहितात. जुन्या जागांना दिशा आणि अंतरं देऊन लिहिलेलं लांबलचक वर्णन असतं. कॉन्डो असेल तर एकाच घराचे तीन-चार परिच्छेद असतात: युनिट, सामाईक जागेतला अविभाज्य हिस्सा, पार्किंग, येण्याजाण्याचा हक्क. यातला एकही गाळायचा नाही. पत्ता आणि एपीएन म्हणजे लीगल डिस्क्रिप्शन नव्हे.

तिसरी जागा शेवटचं पान: सही कुणाची, नोटरी कधी झाली, नावाचं स्पेलिंग पहिल्या पानाशी जुळतं का.

डीडसोबत सीसी अँड आर, म्हणजे वसाहतीचे नोंदवलेले नियम वाचायला बसलात आणि घर १९५० च्या आधीच्या वसाहतीत असेल तर एखादा परिच्छेद वाचून हात थबकेल: या जागेत गोऱ्या वंशाखेरीज कुणी राहू नये, घरकामाचे नोकर तेवढे अपवाद. अशा अटी बे एरियात आणि लॉस एंजेलिसभोवती सर्रास घातल्या जात. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात त्या कोर्टातून अमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं आणि १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने त्या बेकायदा झाल्या. शब्द मात्र दप्तरात राहिले. म्हणूनच रेकॉर्डरकडून मिळालेल्या प्रतीवर ‘अशी कोणतीही अट असल्यास ती रद्दबातल आहे’ असा शिक्का दिसतो. तुम्हाला तुमच्या घराच्या कागदातला तो मजकूर खोडायचा असेल तर रिस्ट्रिक्टिव्ह कव्हेनंट मॉडिफिकेशनचा अर्ज भरा. काउंटीचे वकील तो तपासतात आणि नोंदणीला फी लागत नाही. घराच्या मालकीत याने काही बदलत नाही, पण मला विचाराल तर ज्याला असा परिच्छेद सापडेल त्याने हा अर्ज जरूर करावा.

नवं डीड लिहिणं

प्रकार आधी ठरवा. ग्रँट डीडमध्ये देणारा अशी हमी देतो की मी हे घर आधी दुसऱ्याला दिलेलं नाही आणि माझ्या बाजूने लपवलेला बोजा नाही. क्विटक्लेममध्ये हमी काहीच नाही, जो काही हक्क असेल तो सोडला एवढंच. घरच्या घरात नाव बदलायला क्विटक्लेम चालतं म्हणून लोक सर्रास तेच वापरतात. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे, कारण जुन्या टायटल विम्याचं संरक्षण त्याने अडचणीत येऊ शकतं. आपल्या उदाहरणात इंटरस्पाउजल ट्रान्सफर डीड योग्य: नवरा ग्रँटर, नवरा आणि बायको दोघं ग्रँटी. ट्रस्टमध्ये टाकायचं असेल तर ट्रस्ट ट्रान्सफर डीड किंवा ग्रँट डीड करा, आणि ग्रँटी म्हणून ट्रस्टचं नुसतं नाव घालू नका. अमुक ट्रस्ट, त्याची तारीख आणि त्याचे ट्रस्टी म्हणून तुम्ही दोघं, असं लिहा. मालकी ट्रस्टीच्या हाती असते.

कोरा नमुना कुठून घ्यायचा? राज्यातल्या प्रत्येक काउंटीत लोकांसाठी खुली लॉ लायब्ररी असते. सॅक्रामेंटो काउंटीच्या पब्लिक लॉ लायब्ररीचे डीडचे नमुने आणि सूचना चांगल्या आहेत. रेकॉर्डरच्या खिडकीवर ‘मी कोणतं डीड करू’ हे विचारू नका, कायदेशीर सल्ला द्यायची त्यांना परवानगी नाही. घटस्फोट, भावंडांतली वाटणी, कर्ज थकलेलं असणं यांपैकी काही असेल तर वकीलच गाठा.

ग्रँटरचं नाव जुन्या डीडवर जसं आहे तसंच लिहायचं, अगदी स्पेलिंगच्या चुकीसह. मध्यंतरी नागरिकत्व घेताना नाव बदललं असेल तर ‘आताचं नाव, हू ॲक्वायर्ड टायटल ॲज, जुनं नाव’ अशी जोड द्या. नाही तर सूचीत साखळी तुटते: जुन्या नावाने घेतलेलं घर नव्या नावाच्या माणसाने दिलेलं दिसतं.

लीगल डिस्क्रिप्शन जुन्या डीडवरून अक्षर न बदलता उतरवा. लांब असेल तर ‘एक्झिबिट ए’ म्हणून वेगळ्या पानावर जोडा. मग एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने ताडून बघावं. आकड्यांची अदलाबदल अशीच सापडते.

पहिल्या पानाची मांडणी कायद्याने ठरलेली आहे. साडेआठ बाय अकरा इंचांचा कागद. वरचे अडीच इंच राखीव: डावीकडे कागद कुणाच्या विनंतीवरून नोंदवला आणि परत कुठे पाठवायचा ते, उजवीकडची जागा रेकॉर्डरच्या शिक्क्यासाठी कोरी. त्याखाली कागदाचं शीर्षक, एपीएन आणि ट्रान्सफर टॅक्सची घोषणा.

या टॅक्सचा काउंटीचा दर हजार डॉलरला १ डॉलर १० सेंट, म्हणजे १५ लाख डॉलरच्या विक्रीला १,६५० डॉलर. सॅन होजे, ओकलंड अशा शहरांचा स्वतःचा कर त्यावर वेगळा. नवरा-बायकोत मोबदला न घेता नाव घालताना हा कर लागत नाही, पण रकाना रिकामा सोडायचा नाही. शून्य लिहून कारण द्यायचं: भेट, रेव्हेन्यू अँड टॅक्सेशन कोड ११९३०. स्वतःच्या ट्रस्टमध्ये टाकतानाही बहुधा हेच कलम लिहितात.

याशिवाय २०१८ पासून प्रत्येक कागदामागे ७५ डॉलरची जादा फी आहे, एका व्यवहारात कमाल २२५. घरमालक स्वतः राहत असलेल्या घराच्या हस्तांतराला आणि ट्रान्सफर टॅक्स भरलेल्या व्यवहाराला ती माफ आहे. माफीचं कारण पहिल्या पानावर किंवा कव्हर पेजवर लिहिलं असेल तरच ती मिळते. भाड्याने दिलेलं घर असेल तर भरावी लागते.

सही आणि नोटरी

इथे दुय्यम निबंधकासारखं दोन्ही पक्षांनी हजर राहून फोटो काढायचे नसतात, साक्षीदारही लागत नाहीत. सही फक्त देणाऱ्याची. आपल्या उदाहरणात एक पुरवणी आहे: राइट ऑफ सर्व्हायव्हरशिपवाली कम्युनिटी प्रॉपर्टी घेताना दोघांनी ते मान्य असल्याची ओळ डीडवरच लिहून सह्या कराव्यात.

देणाऱ्याची सही नोटरीसमोर. लागतं ते ॲक्नॉलेजमेंट, म्हणजे सही माझीच असं नोटरीसमोर मान्य करणं. जुराट (मजकूर खरा असल्याची शपथ) हा दुसरा प्रकार, तो इथे चालत नाही. कॅलिफोर्नियाच्या प्रमाणपत्रात वर चौकटीत ‘नोटरी फक्त ओळख पडताळते’ अशी सूचना असते, ती नसलेला जुना नमुना वापरू नका. नोटरीची फी सहीमागे जास्तीत जास्त १५ डॉलर. डीडसाठी नोटरीच्या वहीत अंगठ्याचा ठसा द्यावा लागतो. नोटरीचा शिक्का मजकुरावर किंवा सहीवर पडू देऊ नका. स्कॅनमध्ये पुसट दिसला तर कागद परत येतो.

सही करणारा नेमका पुण्यात आई-वडिलांकडे असेल तर दोन वाटा आहेत. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत वेळ घेऊन नोटरी करायची, तिथे शिक्क्यामागे ५० डॉलर लागतात. किंवा स्थानिक नोटरीकडून करून त्यावर अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणपत्र) घ्यायचं. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, पण त्यासाठी आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालय असा प्रवास होतो. वकिलातीची वाट महाग दिसली तरी रेकॉर्डरकडे प्रश्न कमी विचारले जातात.

पीकॉर: विसरलात तर महागात पडतो

डीडसोबत एक अर्ज जातो, प्रिलिमिनरी चेंज ऑफ ओनरशिप रिपोर्ट, बोलीत पीकॉर. तो असेसरसाठी असतो आणि सार्वजनिक दप्तरात जात नाही. तो घेणारा भरतो. जोडला नाही तर २० डॉलर जादा लागू शकतात आणि नंतर असेसर दुसरा अर्ज घरी पाठवतो. त्याला ९० दिवसांत उत्तर दिलं नाही तर दंड आहे.

त्याचं महत्त्व दंडापेक्षा मोठं. १९७८ च्या प्रपोझिशन १३ या मतदारांनी थेट मंजूर केलेल्या कायद्यामुळे तुमच्या घराचं करासाठीचं मूल्य वर्षाला जास्तीत जास्त २ टक्क्यांनी वाढतं. मालकी बदलली की ते आजच्या बाजारभावावर जातं. नवरा-बायकोतलं हस्तांतर आणि स्वतःच्या रिव्होकेबल (हयातीत रद्द करता येणाऱ्या) ट्रस्टमधलं हस्तांतर यातून वगळलेलं आहे, पण ते पीकॉरच्या पहिल्या भागात खूण करून सांगावं लागतं. खूण करताना कागद समोर ठेवून वाचा, अंदाजाने ‘नो’वर फुल्या मारत जाऊ नका.

मुलाचं नाव डीडवर घालायचा विचार असेल तर थांबा. १६ फेब्रुवारी २०२१ पासून प्रपोझिशन १९ लागू आहे. आई-वडिलांचं राहतं घर मुलाने वर्षभरात स्वतःचं राहतं घर केलं तरच जुनं मूल्य टिकतं, आणि त्यालाही मर्यादा आहे. शिवाय फेडरल गिफ्ट टॅक्सचा फॉर्म आणि पुढे भांडवली नफ्याचं नुकसान. भावाचं किंवा मित्राचं नाव घातलं तर तेवढ्या हिश्शाचं मूल्य नव्याने ठरू शकतं. आधी सीपीए (इथला सीए), मग नोटरी.

कर्जाची भीती मात्र अनाठायी आहे. नाव बदललं की बँक सगळं कर्ज एकदम मागेल असं लोक सांगतात, पण १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने राहत्या घराचं जोडीदाराला किंवा स्वतःच्या लिव्हिंग ट्रस्टला केलेलं हस्तांतर त्यातून वगळलं आहे. बँकेला कळवून ठेवा एवढंच.

कागद देणं आणि त्यानंतर

खिडकीवर नेऊन द्या किंवा टपालाने पाठवा. प्रत्यक्ष गेलात तर उणीव तिथल्या तिथे कळते, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने जावं. सोबत मूळ डीड, पीकॉर, फीचा चेक आणि पत्ता घातलेलं पाकीट. पहिल्या पानाची फी काउंटीप्रमाणे थोडी बदलते, पुढच्या प्रत्येक पानाला ३ डॉलर. ठरलेल्या मापाबाहेरचा कागद असेल तर जादा. आदल्या दिवशी संकेतस्थळावरचा दर बघून चेक लिहा. कागद परत येण्याची नेहमीची कारणं म्हणजे चेकची रक्कम, पुसट शिक्का आणि ट्रान्सफर टॅक्सचा रिकामा रकाना.

स्वीकारलं की उजव्या कोपऱ्यात डॉक्युमेंट नंबर, तारीख, वेळ पडते आणि मूळ कागद नंतर टपालाने येतो. वाट बघत बसू नका. काही दिवसांनी सूचीत दोघांची नावं टाकून नोंद बरोबर चढली का बघा. घराच्या विम्यात नवं नाव किंवा ट्रस्ट घाला. सही झालेलं डीड कपाटात ठेवून देऊ नका: नोंदवलेलं नसलं तरी तुम्हा दोघांत ते वैध असतं, पण मधल्या काळात त्याची कल्पना नसलेल्या माणसाने पैसे देऊन घर घेतलं आणि आपलं डीड आधी नोंदवलं तर त्याची बाजू वरचढ ठरते.

खोट्या सह्यांनी दुसऱ्याचं घर नावावर करण्याचे प्रकार होतात. लॉस एंजेलिस काउंटी डीड नोंदवलं की मालकाला टपालाने कळवते, काही काउंट्या ईमेलवर सूचना देतात. तुमच्या काउंटीत सोय असेल तर नाव नोंदवा. हेच काम दरमहा पैसे घेऊन करणाऱ्या सेवा घ्यायची गरज नाही. नसेल तर वर्षातून एकदा, टॅक्स भरताना, स्वतःचं नाव सूचीत टाकून बघा. विशेषतः घर भाड्याने देऊन भारतात परतलेल्यांनी.

जोडीदार गेल्यावर राइट ऑफ सर्व्हायव्हरशिप असेल तर नवं डीड लागत नाही. मृत्यूचं अफिडेव्हिट नोटरी करून, मृत्यूच्या दाखल्याची सर्टिफाइड प्रत आणि पीकॉर जोडून नोंदवायचं. असेसरला मालकाच्या मृत्यूची माहिती देणारा वेगळा अर्ज १५० दिवसांत द्यायचा. मृत्यू भारतात झाला आणि व्यक्ती अमेरिकी नागरिक असेल तर वकिलातीकडून कॉन्सुलर रिपोर्ट ऑफ डेथ मिळतो. नागरिक नसेल तर महापालिकेच्या दाखल्यावर अपोस्टिल घ्या आणि पाठवण्यापूर्वी रेकॉर्डरला ते चालेल का विचारा. अफिडेव्हिटमध्ये एक ओळ असते: दाखल्यातली व्यक्ती आणि अमुक नंबरच्या डीडमधली व्यक्ती एकच. दाखल्यावर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव आणि डीडवर नुसतं आद्याक्षर असेल तर दोन्ही रूपं त्या ओळीत लिहा.